काळ्या-पांढऱ्या तसबिरी आणि नव्या यंत्राचा मोह

आमच्या परिचयाच्या कर्जत-खालापूरकडील चार-पांच घरांत गेलें वर्षभर एका वादानें ठाण मांडलें आहे. छायाचित्रें छापण्याचें जें लहानसें यंत्र घरांत आहे तें मोडीत काढून, केवळ काळ्या-पांढऱ्या तसबिरी चांगल्या निघाव्यात एवढ्याकरितां त्याहून भारी यंत्र घ्यावें कीं घेऊं नये, हा तो वाद. वरवर पाहणारास हा प्रश्न दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामधला वाटेल, व साहित्याला वाहिलेल्या मासिकानें त्यांत कां पडावें असेंही कोणी विचारील. परंतु ज्या ज्या घरांत हा वाद आम्हीं ऐकला, त्या त्या घरांत तो अखेर यंत्रावरून घसरून वाडवडिलांवर येऊन ठेपला; आणि गेलेल्या माणसांचें आपण काय देणें लागतों, हा प्रश्न कोणत्याही मासिकास परका नाहीं. म्हणून या विषयासंबंधींचें आमचें मत आम्ही येथें स्पष्टपणें मांडीत आहों. तें कित्येकांस कडू लागेल. त्यास आमचा इलाज नाहीं.

आमच्याच घरचें उदाहरण घेतों. आमच्या आजोबांची १९३८ सालीं मुंबईस काढविलेली एक तसबीर कर्जतच्या घरीं ओटीवर टांगलेली होती. ऐंशीहून अधिक पावसाळे तिनें पाहिले. शेवटीं कांचेच्या आंत बुरशी शिरली आणि डाव्या खांद्याकडून ती चेहऱ्याकडे सरकूं लागली. तेव्हां तसबीर चौकटींतून काढून, स्कॅनरवर तिची प्रत उतरवून घेऊन, घरच्या सहा शायांच्या यंत्रावर आम्हीं ती छापली. छापतांना 'काळें-पांढरें' हीच खूण निवडली होती. तरीही कागद बाहेर आला तो हिरवट. नव्वदी ओलांडलेल्या आत्याबाईंच्या हातीं तो दिला. त्यांनीं तो खिडकीशीं नेऊन निरखून पाहिला आणि म्हणाल्या, “अरे, हे अण्णा नव्हेत. अण्णांना कावीळ कधीं रे झाली होती?” रात्रीं दिव्याखालीं तोच कागद पाहिला तों तांबूस दिसूं लागला! शहरांतील एका विक्रेत्यास विचारलें, तों क्षणाचाही विलंब न लावतां त्यानें निकाल दिला कीं, यंत्र बदला. तेथून घरांत तीन पक्ष झाले. पहिला म्हणे, नवें यंत्र आणावें. दुसरा म्हणे, काळ्या-पांढऱ्याचा हट्टच कशाला? हल्लीं संगणक घटकेंत जुनी तसबीर रंगवून देतो, तीच छापून लावावी. तिसरा म्हणे, छापायचीच कशाला? मोबाइलांत आहे, तेवढी पुरे. हे तीन पक्ष सर्वत्र आढळतात; म्हणून उलट्या क्रमानें त्यांचा समाचार घेऊं.

मोबाइलांत आहे तेवढी पुरे, असें म्हणणारांस आमचा एकच प्रश्न आहे: दहा वर्षांपूर्वींच्या तुमच्या मोबाइलांतील चित्रें आज कोठें आहेत? बहुतेकांस उत्तर देतां येत नाहीं. याच्या उलट आमच्या तालुक्यांचीच एक गोष्ट पाहा. १८५६ सालीं पळसदरीपासून खंडाळ्याकडे बोरघाट चढणाऱ्या रेल्वेचें काम सुरू झालें. सुमारें सोळा मैलांची चढण, १८३१ फुटांचा चढ, पंचवीस बोगदे, आणि एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते असें तें काम. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं विलायतेहून येतांच थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें तें कंत्राट पुढें चालवून १८६३ सालीं घाट खुला होईपर्यंत तडीस नेलें. त्याच कामाचीं तिनें घेतलेलीं म्हणून नोंदलेलीं छायाचित्रें आजही परदेशांतील ग्रंथसंग्रहांत पाहावयास मिळतात. दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं, पण तीं पाहण्यास कोणतीही परवलीची खूण लागत नाहीं, कीं एखाद्या कंपनीची मेहेरबानी लागत नाहीं. कागद उजेडांत धरावा कीं घाट दिसूं लागतो. आमच्या डोंगरांचें तें रूप टिकलें, कारण कोणी तरी तें कागदावर उतरवून नीट जपलें.

कागद अमर आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. २००५ च्या जुलैंत उल्हास नदी चढली तेव्हां नदीकांठच्या घरांतून पोथ्या आणि अल्बम एकाच पाण्यांत भिजले. खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं डोंगर कोसळला, आणि माणसांसह घरेंच्या घरें गाडलीं गेलीं. त्या दुःखापुढें तसबिरींची गोष्ट काढणें देखील संकोचाचें आहे. तथापि मागें राहिलेल्या माणसास आपल्या माणसाचा चेहरा पाहावासा वाटतो, हें तितकेंच खरें आहे. आणि अशा वेळीं तो चेहरा दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या आप्ताच्या भिंतीवर असला तरच सांपडतो. तात्पर्य, कागदावर छापावें, आणि एकाहून अधिक घरीं ठेवावें. तिसऱ्या पक्षाचें उत्तर एवढ्यांत आलें.

आतां दुसरा पक्ष, म्हणजे रंगवून घेणारांचा. यांच्यावर आमचा विशेष रोष आहे, व त्याचें कारण सांगतों. आपल्या घरच्या भिंतीची जुनी रीत आठवावी. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला आणि पुढें आमच्या घाटमाथ्यापलीकडे मळवलीस गेला. तेथून लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका मध्यमवर्गाच्या घरोघरीं रंगीत होऊन आले. त्याच भिंतीवर, थोडें खालीं, आजोबा-पणजोबा काळे-पांढरे टांगलेले असत. देव रंगांत आणि माणसें काळ्या-पांढऱ्यांत, ही वांटणी कोणी ठरवून केलेली नव्हती; पण तींत एक प्रामाणिकपणा होता. देवाचा शालू कोणत्या रंगाचा, हें चित्रकारानें कल्पनेनें ठरवावें, त्याला कोणाची हरकत नसे. आजीच्या लुगड्याचा रंग मात्र कल्पनेचा विषय नव्हे. तो एकदां खरोखर होता. आणि तो कोणता, हें छायाचित्रानें सांगितलेलें नाहीं.

येथें एक शास्त्रीय गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. जुन्या काळच्या ज्या कांचा आणि फिल्मा ऑर्थोक्रोमॅटिक म्हणून ओळखल्या जात, त्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें त्यांवर कपाळींचें लाल कुंकू काळें उमटे आणि लाल लुगडें जवळजवळ काळें पडे. आजचें संगणकी यंत्र तें काळें लुगडें पाहतें, आपल्या अजमासानें त्याला गर्द निळें किंवा हिरवें करतें, आणि नातू मोठ्या कौतुकानें म्हणतो, “पाहा, आजी अगदीं जिवंत झाली!” आजी जिवंत झाली नाहीं, तिच्या लग्नांतला लाल शालू मात्र कायमचा निळा झाला. पुढची पिढी ती रंगीत प्रत हाच पुरावा मानील, कारण तोंपर्यंत मूळ तसबीर बुरशीनें खाल्लेली असेल. काळी-पांढरी तसबीर जें जाणत नाहीं तें सांगत नाहीं, हा तिचा मोठा गुण आहे. रंगविलेली तसबीर न जाणतां सांगते. हौसेखातर कोणी एखादी प्रत रंगवून घेतली तर आम्ही त्याचे हात धरीत नाहीं. पण ती मूळ म्हणून भिंतीवर लावूं नये, आणि मूळ फेकून तर मुळींच देऊं नये.

राहिला पहिला पक्ष, नव्या यंत्राचा. हा तिघांत सर्वांत समंजस आहे, म्हणून त्याच्याशीं वाद घालण्यांत कांहीं अर्थ आहे. प्रथम त्याचें जें खरें आहे तें मोकळ्या मनानें मान्य करूं. आमच्याकडील साध्या यंत्रांत काळी, पिवळी, निळसर, जांभळट-गुलाबी आणि शेवटच्या दोहोंच्या फिक्या, अशा सहा शाया असतात. करडी शाई नसतेच. मग करडा रंग यंत्र कोठून आणतें? रंगीत शायांचे बारीक थेंब एकमेकांत मिसळून. त्या मिश्रणाचा तोल केंसभर ढळला कीं करड्याचा हिरवा होतो. आणि मनुष्याचा डोळा करड्यामधली ही चूक जितक्या लवकर पकडतो तितकी लाल-निळ्यामधली पकडीत नाहीं. शिवाय असा मिश्र करडा दिवसाच्या प्रकाशांत एक दिसतो व दिव्याखालीं दुसरा. अण्णांची कावीळ ती हीच. पुन्हा या शायांतील रंग बहुधा पाण्यांत विरघळलेले, म्हणजे डाय जातीचे असतात. उजेडानें आणि हवेनें ते लवकर विटतात, व सगळे सारखे विटत नसल्यामुळें करडा आणखीच बिघडतो. याच्या उलट, एप्सन कंपनीनें २००५ च्या सुमारास काळ्या शाईच्या जोडीला दोन निरनिराळ्या फिकट काळ्या शाया दिलेलीं यंत्रें बाजारांत आणलीं, कॅनन कंपनीचींही करड्या शायांचीं यंत्रें आहेत. यांत करड्याकरितां रंगांची भेसळ फारच थोडी करावी लागते. त्यांतील ज्या यंत्रांच्या शाया पिगमेंटच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांच्या आहेत, त्यांच्या छापाचा टिकाऊपणा फार अधिक, हें हेन्री विल्हेल्म यांच्यासारख्या अभ्यासकांच्या कसोट्यांनीं दाखविलें आहे. यांत नवल तरी काय? पिगमेंटच्या काळ्या शाईंतला काळा म्हणजे मुख्यत्वें कार्बन. आणि आपल्या जुन्या पोथ्या ज्या काजळाच्या शाईनें लिहीत तोही कार्बनच. शेंकडों वर्षांच्या पोथ्यांचें अक्षर आजही ठसठशीत वाचतां येतें, तें या काजळाच्या पुण्याईनें.

इतकें मान्य केल्यावर विक्रेता म्हणेल, मग घ्या यंत्र! येथेंच आमचा विरोध सुरू होतो.

आमचें पहिलें म्हणणें असें कीं, यंत्रास दोष देणारांपैकीं बहुतेकांनीं आपल्या जुन्या यंत्राची परीक्षाच घेतलेली नसते. नाचतां येईना अंगण वांकडें, त्यांतला हा प्रकार. भरणा-दुकानांतली कसलीही शाई ओतावयाची, मिळेल तो चकचकीत कागद घालावयाचा, छापलेला कागद ओला असतांच ट्यूबलाइटखालीं पाहावयाचा, आणि मग यंत्राला शिव्या द्यावयाच्या! आम्हीं विक्रेत्याकडून आल्यावर निराळी वाट धरली. यंत्राच्या कंपनीचीच शाई आणि मॅट कागद घेतला. छापतांना केवळ काळीच शाई वापरावी अशी योजना केली. आणि कागद एक दिवस वाळूं देऊन सकाळच्या उजेडांत पाहिला. हिरवटपणा साफ गेला. गालावरच्या उजेडाच्या भागांत बारीक रवा दिसत होता, कारण एकाच गडद शाईचे विरळ थेंब तेथें उघडे पडतात. पण हातभर अंतरावरून तो जाणवत नव्हता. खर्च म्हणाल तर कागदाच्या एका पाकिटाचा.

आत्याबाईंनीं यावेळीं काविळीचें नांव काढलें नाहीं. बराच वेळ पाहून त्यांनीं विचारलें, “आणि मनगटावरचं घड्याळ कुठं गेलं? मुंबईला गेले होते तेव्हां नवीन घेतलं होतं.” आम्हीं मूळ तसबीर भिंगाखालीं पाहिली. कोटाच्या बाहीच्या दाट छायेंत घड्याळ खरोखरच होतें. आमच्या छापांत तें काळ्यांत बुडालें होतें. ही गोष्ट आमच्या पक्षास प्रतिकूल आहे. तरी ती लपवून ठेवण्यानें वाद जिंकतां आला तरी खरेपणा राहत नाहीं. गडद छायेंतला भेद साध्या यंत्राला, विशेषतः मॅट कागदावर, दाखवितां येत नाहीं, आणि चांगल्या यंत्राला येतो. पुढें तीच प्रत आम्हीं मुंबईंतील एका व्यावसायिकाकडे, करड्या शायांच्या पिगमेंट यंत्रावर, सुती कागदावर छापवून आणली. तींत घड्याळाचा पट्टा सुद्धां दिसला.

मग तें यंत्र आम्हीं घरीं कां आणलें नाहीं? हिशेब केला म्हणून. वर्षभरांत आमच्या घरीं मोठ्या आकाराचीं काळीं-पांढरीं चित्रें किती छापलीं याची मोजदाद केली. तीं भरलीं चौदा. चौदा कागदांकरितां नऊ-दहा शायांचें यंत्र पाळावयाचें! पाळावयाचें असेंच आम्ही म्हणतों, कारण हें यंत्र कपाटासारखें नुसतें उभें राहत नाहीं. त्याला गाईप्रमाणें रोज नसलें तरी आठवड्याला चारापाणी लागतें. पिगमेंटची शाई वापराविना राहिली कीं नोझलांत बसते. ती सोडविण्याकरितां यंत्र आपण होऊन शाई ओढून सांडतें. आणि ही सांडलेली शाई छापलेल्या शाईहून अधिक भरावी असा प्रसंग थोडें छापणाऱ्या घरीं हटकून येतो. एक शाई संपली कीं बाकीच्या भरलेल्या असूनही काम अडतें. त्यांत आमचा मुलूख! वैशाखांत शाई सुकते; आषाढांत कागद इतका दमट होतो कीं कडा लाटांसारख्या उचलतात आणि छपाईच्या डोक्यास घासतात. ज्या खोपोलीच्या वीजगृहांतून १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांकडे वीज गेली, त्याच खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांत पावसाची सर आली कीं दिवे जातात, आणि मध्येंच बंद पडलेलें यंत्र पुन्हा चालू होतांना पुन्हा शाई पितें. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. येथें कोंबडीच बारा आण्यांची, आणि मसाल्याला अंत नाहीं.

आमचें दुसरें म्हणणें याहून महत्त्वाचें आहे. नवें यंत्र घेतल्यानें मनुष्यास आपण काम केलें असें वाटूं लागतें, आणि खरें काम राहून जातें. आमच्या पाहण्यांतल्या एका गृहस्थांनीं असें उत्तम यंत्र घेतलें. पहिल्या महिन्यांत फुलांचीं, मांजराचीं आणि माथेरानच्या धुक्याचीं चित्रें निघालीं; दुसऱ्या महिन्यांत यंत्रावर टेबलक्लॉथ आला. आजोळच्या अल्बमांची पेटी माळ्यावर होती तशीच राहिली. उपकरण श्रेष्ठ झालें म्हणजे इच्छा श्रेष्ठ होते, हा समज आपल्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे फार बळावला आहे. ग्रंथांचें कपाट घेतलें म्हणजे वाचन झालें, तंबोरा टांगला म्हणजे गाणें झालें, तसेंच हें.

मग निर्णय करावा कसा? आम्ही तीन प्रश्न सुचवितों, आणि ते याच क्रमानें विचारावेत. पहिला: छापावयाचें काय आहे, त्याची यादी तयार आहे काय? यादी नसेल तर वाद येथेंच संपला. दुसरा: वर्षाचे बारा महिने, दर आठवड्याला कांहीं तरी छापण्याइतकें काम आपल्याजवळ आहे काय? नसेल तर निवडक दहा-वीस तसबिरी शहरांतून छापवून आणाव्यात. कर्जतहून मुंबई शंभर किलोमीटर, लोकलगाडी दारांतून जाते, आणि त्या खेपेचा खर्च यंत्राच्या शाईपुढें कांहींच नव्हे. तेथेंही चौकशी करावी, कारण पुष्कळ लॅबांत रंगीत छायाचित्रांच्याच कागदावर काळें-पांढरें उठवितात, आणि मग तोच रंगाचा झांक पुन्हा पदरीं येतो. तिसरा: जुन्या यंत्रावर चांगला कागद, अस्सल शाई आणि थोडा धीर यांचा प्रयोग करून झाला आहे काय? या तिन्ही प्रश्नांचें उत्तर 'होय' असेल, आणि तरीही छायेंतलें घड्याळ बुडत असेल, तर त्या मनुष्यानें नवें यंत्र खुशाल घ्यावें; आम्ही त्याचें अभिनंदनच करूं.

परंतु याहून चांगला एक मार्ग आहे, आणि तो एकट्या घराचा नव्हे. जें यंत्र एका घरीं उपाशी मरतें तें पांच-सहा घरांत मिळून सुखानें चालेल. कारण त्याला रोज काम मिळेल. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या गांवांतल्या वाचनालयांनीं जर असें एक यंत्र घेऊन आठवड्याचा एक वार ठरविला, तर ज्या घरांत यंत्र घेण्याची ऐपत नाहीं त्या घरचीही एकुलती एक तसबीर वांचेल. गांवचा इतिहास आपण नेहमीं राजेरजवाड्यांच्या दप्तरांत शोधतों. पण १९४३ च्या जानेवारींत सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ज्या मुलुखांत वावरले, त्या मुलुखांतील सामान्य माणसें कशीं दिसत, कशीं उभीं राहत, अंगावर काय घालीत, हें माळ्यावरच्या पेट्यांतच मिळणार आहे.

आणि शेवटीं, कोणत्याही यंत्राच्या आधीं करावयाचें एक काम आहे. त्याला मऊ शिसपेन्सिल लागते. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून प्रत्येक तसबिरीच्या मागें हलक्या हातानें नांवें लिहावीत: हा कोण, ही कोणाची कोण, कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं. उत्तम शाईनें उत्तम कागदावर छापलेला अनोळखी चेहरा दोन पिढ्यांनंतर रद्दींतच जावयाचा. आजोबांच्या मनगटावर घड्याळ होतें, हें आम्हांस यंत्रानें सांगितलें नाहीं. आत्याबाईंनीं सांगितलें, आणि मग यंत्रानें तें दाखविलें. नवें यंत्र पुढच्या वर्षींही बाजारांत मिळेल, कदाचित् याहून चांगलें मिळेल. आत्याबाईंविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. येत्या रविवारीं माळ्यावरची पेटी आम्ही खालीं काढणार आहों. वाचकांनींही आपापली काढावी.